झाडावरच्या उंदराची बाजू

'उंदीर' म्हटलं की हॉस्टेलवर दोनच रिॲक्शन येतात, किंचाळी नाहीतर झाडू. मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री माझी जर्नल कुरतडली गेली, तेव्हा मीही झाडूच उचलला होता. त्यामुळे आज मी उंदराची बाजू घेतेय म्हटल्यावर रूममेट हसणार, हसू देत!

हा उंदीर आहे उत्तर ऑस्ट्रेलियातला, काळ्या पायांचा, झाडावर राहणारा. वजन पाऊण किलोच्या आसपास. शेपूट अंगापेक्षा लांब आणि टोकाला पांढरा झुबका, म्हणजे लांबून खारच वाटावी. दिवसा निलगिरीच्या ढोलीत झोपतो, रात्री फळं आणि बिया शोधतो. आपल्या केवड्याच्या जातीच्या झाडांची फळं त्याला आवडतात. घरातली उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि पिल्लांचा ढीग घालते. हिला सहा आठवडे लागतात, आणि पिल्लं एक ते तीन. तेव्हा "उंदीरच तो, होतील पुन्हा" हे इथे चालत नाही.

काकाडू नॅशनल पार्कमध्ये ठरावीक जागांवर पुन्हापुन्हा मोजणी झाली. २०१० साली तिचे आकडे छापून आले. थोड्याच वर्षांत तिथले छोटे देशी सस्तन प्राणी ७१ टक्क्यांनी घटले होते. आणि हे जंगल तोडलेलं नाही, राखीव आहे! कारणांत मुख्य नावं येतात ती वारंवार लागणारे मोठे वणवे आणि रानटी झालेली मांजरं यांची. वणव्यात खालची झुडपं जळतात, लपायला जागा उरत नाही, मग मांजराचं फावतं. आतून वाळवीने पोखरलेली जुनी झाडं आधी कोसळतात. ढोल्या त्यांच्यातच असतात ना.

आपल्यातला कोणीतरी लगेच म्हणेल, लाकडी खोके बसवा की. मलाही आधी तेच सुचलं (इंजिनिअर ना!). पण खोक्याच्या पातळ फळ्या उन्हात तापतात, जाड खोडाची ढोली दिवसभर बरीच थंड राहते. हीट ट्रान्सफर शिकलेल्याला हे समजावायला नको. निलगिरीत मोठी ढोली व्हायला शंभरेक वर्षं जातात. खोका तात्पुरता ठीक आहे, पण तो बसवून "काम झालं" म्हणणं मला पटत नाही. तिथले आदिवासी पूर्वीपासून कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच, गवत थोडं ओलं असताना, लहान लहान तुकडे जाळतात. मोठा वणवा मग तिथे येऊन थांबतो. माझ्या मते पैसा आणि माणसं आधी त्या कामाला द्यावीत, खोके नंतर.