‘म्हण की, त्यात काय जातं?’

शाळेतली सकाळची प्रतिज्ञा म्हणायची नाही असं एखादं मूल म्हणालं, की अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत एकच उत्तर मिळतं: ‘सगळे म्हणतात ना, मग तूही म्हण की. त्यात काय जातं?’ बालभारतीतली प्रतिज्ञा हात पुढे करून म्हणत आपण वाढलो, त्यामुळे आपल्याला ही कवायतच वाटते. शिवाय ‘देव शेवटी एकच’ असं म्हणून त्यातलं ‘अंडर गॉड’ही आपण खपवून घेतो. पण प्रतिज्ञा १८९२ची आणि हे दोन शब्द १९५४चे. आपण नास्तिक कम्युनिस्टांहून वेगळे, हे दाखवायला ते कायदा करून घातले गेले. देव आहे की नाही, हे सरकारने पोरांच्या तोंडून का वदवून घ्यावं?

आणि न म्हणण्याचा हक्क मिळवून दिला कोणी? यहोवाच्या साक्षीदारांनी. होय, तेच, सुट्टीच्या सकाळी दार वाजवतात आणि आपण घरात नसल्याचं सोंग करतो ते. १९३५ साली पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल गावी लिलियन आणि विल्यम या १२ आणि १० वर्षांच्या भावंडांनी झेंड्याला सलाम करायला नकार दिला. त्यांच्या धर्मात ती मूर्तिपूजा. शाळेने दोघांना काढून टाकलं. १९४० मध्ये सुप्रीम कोर्टानेही ८ विरुद्ध १ मतांनी शाळेचीच बाजू घेतली, आणि मग या पंथाच्या लोकांना गावोगाव मारहाण झाली. १४ जून १९४३ला, ऐन महायुद्धात, बार्नेट खटल्यात त्याच कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल फिरवला. आधार घेतला भाषणस्वातंत्र्याचा. म्हणून आज न म्हणणाऱ्या मुलाला धर्माचं कारणही द्यावं लागत नाही.

‘आपण बाहेरून आलेले, कशाला नसती भानगड?’ आपण आलो असू. मूल इथेच जन्मलंय.

हे अमेरिकन खूळ वाटत असेल तर नाशिककडे बघा. तिथल्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायचं नाकारलं, तेव्हा त्याची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल शिक्षकाच्या बाजूने दिला.

टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी तर ‘त्यात काय जातं’ म्हणूच नये. तिथे देशाची आणि राज्याची अशा दोन प्रतिज्ञा रोज म्हणाव्या लागतात आणि कायद्याने सूट मिळते ती पालकांनी लेखी मागितली तर. मुलाने मागितली, तर चिठ्ठी लिहून द्या. दोन ओळी पुरतात.