ट्रॅक्टरवर बसून जन्मलेला पक्ष, ट्रॅक्टरनंच अडवला. जर्मनीच्या ग्रीन पक्षात नेते बदलले, पुढं काय?

४ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ. जर्मनीच्या उत्तर टोकाला श्ल्युटझील नावाचा एक छोटा धक्का आहे. सुट्टी संपवून बेटावरून परत येणारे तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री रॉबर्ट हाबेक बोटीत होते. धक्क्यावर शंभराच्या वर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन उभे. मंत्र्याला खाली उतरता आलं नाही. बोट तशीच माघारी फिरली.

हाबेक ग्रीन पक्षाचे. म्हणजे पर्यावरणाचा झेंडा घेतलेला, डावीकडे झुकलेला पक्ष. हेच हाबेक २०१२ ते २०१८ त्या भागाचे, म्हणजे श्लेस्विग-होलस्टाइन राज्याचे, शेतीमंत्री होते. ज्या शेतकऱ्यांबरोबर सहा वर्षं बैठका केल्या, त्याच भागात त्यांना धक्क्यावर पाय ठेवू दिला नाही.

ही बातमी तेव्हा आपल्याकडे दोन ओळीत येऊन गेली. पण त्यामागं जवळपास पन्नास वर्षांची गोष्ट आहे. कारण हा पक्ष जन्मला तोच शेतकऱ्यांच्या आंदोलनातून.

द्राक्षवाले जमिनीवर बसले

१९७५ सालची गोष्ट. फ्रान्सच्या सीमेजवळ व्युल नावाचं गाव. आजूबाजूला कायझरस्टूलच्या टेकड्या, सगळ्या द्राक्षबागा. सरकारनं तिथं अणुवीज प्रकल्प आणायचं ठरवलं. बागायतदारांची पहिली भीती किरणोत्साराची नव्हती. प्रकल्पाच्या धुराड्यातून निघणाऱ्या वाफेनं धुकं वाढेल, ऊन कमी होईल आणि बागा जातील, ही होती. धुकं पडलं की द्राक्षाचं काय होतं ते आपल्याकडच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

१८ फेब्रुवारीला गावकऱ्यांनी बांधकामाची जागा ताब्यात घेतली. दोन दिवसांनी पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून त्यांना हुसकावलं. टीव्हीवर लोकांनी पाहिलं की फरफटत नेले जाणारे कुणी दंगेखोर नाहीत, साध्या शेतकरी बायाबापड्या आहेत. २३ तारखेला सुमारे २८ हजार माणसं जमली आणि जागा पुन्हा ताब्यात घेतली. पुढं कित्येक महिने मुक्काम तिथंच. रानात लाकडाची झोपडी बांधून व्याख्यानं, गाणी, वर्ग. तो प्रकल्प झालाच नाही. आज तिथं राखीव जंगल आहे.

दुसरं नाव गोर्लेबेन. उत्तरेकडच्या या गावात देशभरातला अणुकचरा आणायचं १९७७ मध्ये ठरलं. मार्च १९७९ मध्ये तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राज्याची राजधानी हानोवरकडं निघाले. आठवडाभर रस्त्यावर. पोहोचले तेव्हा शेकडो ट्रॅक्टर आणि मागं सुमारे एक लाख लोक. नेमकं त्याच आठवड्यात अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अणुअपघात झाला होता. दीड महिन्यात मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्त यांना सांगावं लागलं की कचऱ्यावर प्रक्रिया करणारा कारखाना राजकीयदृष्ट्या रेटता येणार नाही. साठवणुकीचा वाद मात्र २०२० पर्यंत चालला, तेव्हा कुठं गोर्लेबेनचं नाव यादीतून गेलं. तीन पिढ्या भांडल्या.

अशा गावोगावच्या समित्या, शहरातले विद्यार्थी, महिला संघटना, युद्धविरोधी मंडळी एकत्र आली आणि जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरुह इथं ग्रीन पक्ष स्थापन झाला.

नेता मोठा होऊ द्यायचा नाही

या लोकांना एक गोष्ट पक्की माहीत होती. आंदोलनातला माणूस खुर्चीवर बसला की बदलतो. म्हणून त्यांनी नियमच तसे केले. एकच अध्यक्ष नाही, सामूहिक प्रवक्ते. जो खासदार तो पक्षाचा पदाधिकारी नाही. पगारातला मोठा हिस्सा चळवळीच्या निधीला. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे खासदारानं दोन वर्षांनी राजीनामा देऊन मागच्या माणसाला जागा द्यायची. आपल्या ग्रामपंचायतीत अडीच वर्षांचा उपसरपंच ठरवून पुढं काय होतं ते आपण बघतोच, तसं तिथंही झालं. १९८३ मध्ये ५.६ टक्के मतं घेऊन ग्रीनवाले पहिल्यांदा दिल्लीसारख्या मोठ्या सभागृहात, म्हणजे बुंडेस्टागमध्ये, हातात झाडाच्या फांद्या घेऊन शिरले. दोन वर्षं झाली. पक्षाचा सगळ्यात ओळखीचा चेहरा पेट्रा केली. त्यांनी जागा सोडायला नकार दिला. काही वर्षांत तो नियम गेला.

मग एकेक दोरी सैल होत गेली. १९८५ मध्ये योश्का फिशर पांढरे स्पोर्ट शूज घालून हेसन राज्यात पर्यावरणमंत्री झाले. पक्षात दोन गट पडले. एक म्हणायचा सत्तेत गेलो तर विकले जाऊ, दुसरा म्हणायचा बाहेर राहून काही बदलत नाही. १९९८ मध्ये दुसरा गट जिंकला आणि पक्ष देशाच्या सरकारात बसला. पुढच्याच वर्षी कोसोवोच्या युद्धावरून पक्षाच्या अधिवेशनात परराष्ट्रमंत्री फिशर यांच्या कानावर लाल रंगाची पिशवी फोडली गेली. फेकणारे हात चळवळीतलेच.

गोर्लेबेनच्या शेतकऱ्यांना खरा धक्का मात्र २००१ मध्ये बसला. अणुकचऱ्याची रेल्वे पुन्हा त्यांच्या गावाकडं निघाली आणि पर्यावरणमंत्री होते ग्रीन पक्षाचेच युर्गेन ट्रिटिन. त्यांनी आपल्या कार्यकर्त्यांना सांगितलं की यावेळी रस्त्यावर उतरायचं कारण नाही. सरकारचा हिशोब बरोबर होता. अणुभट्ट्या बंद करायचा करार झाला होता आणि परदेशात पाठवलेला आपलाच कचरा परत घ्यावा लागणार होता. पण वीस वर्षं रुळावर बसलेल्या माणसाला हा हिशोब पटणं अवघड. शेतकरी रुळावर बसलेच.

तरी सत्तेत जाऊन काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००० साली याच सरकारनं अक्षय ऊर्जेचा कायदा केला. छपरावर सोलर, बांधावर पवनचक्की, गोठ्याशेजारी बायोगॅस, त्यातून निघालेल्या विजेला २० वर्षं ठरलेला दर. हजारो शेतकऱ्यांना दुधाच्या पडत्या दरात त्या विजेच्या बिलानं तारलं. देशातल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. व्युलच्या रानात सुरू झालेली मागणी ४८ वर्षांनी पूर्ण झाली, तीही ग्रीन मंत्री सरकारात असताना.

मग बिघडलं कुठं?

२०२१ मध्ये पक्षाला जवळपास १५ टक्के मतं मिळाली, तोवरची सर्वात जास्त. तीन पक्षांचं सरकार झालं. आणि लगेच तीन ठिकाणी पक्ष आपल्याच माणसांशी भांडताना दिसला.

पहिलं ल्युट्झेराथ. कोळशाच्या खाणीनं गिळत आणलेलं छोटं गाव. हाबेक आणि राज्यातल्या ग्रीन मंत्री मोना नॉयबाउर यांनी आरडब्ल्यूई कंपनीशी करार केला. त्या पट्ट्यातला कोळसा २०३८ ऐवजी २०३० मध्येच बंद, बाकीची पाच गावं वाचणार, पण ल्युट्झेराथ जाणार. ऑक्टोबर २०२२ च्या अधिवेशनात तरुण कार्यकर्त्यांनी गाव पाडणं थांबवा असा ठराव आणला. तो अगदी थोडक्या मतांनी पडला. जानेवारी २०२३ मध्ये चिखलात पोलिस आणि हजारो आंदोलक समोरासमोर आले. ग्रेटा थुनबर्गला पोलिसांनी उचलून नेलं. आंदोलकांत ग्रीन पक्षाचे सदस्य होते आणि पोलिस पाठवणाऱ्या सरकारातही ग्रीनच.

दुसरं, घर गरम करायच्या बॉयलरचा कायदा. नव्या यंत्रणेत ६५ टक्के ऊर्जा अक्षय असली पाहिजे. कल्पना चुकीची नव्हती. पण खेड्यातल्या जुन्या घरात तेलाचा बॉयलर असतो, आणि घरमालक बहुतेक वेळा म्हातारा. त्यानं एवढा खर्च कुठून करायचा, याचं उत्तर द्यायच्या आधी कायद्याचा मसुदा फुटला आणि घरोघर भीती पसरली. अनुदान नंतर जाहीर झालं. तोवर वेळ गेलेली होती.

तिसरं डिझेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनापीठानं सरकारचा ६० अब्ज युरोचा निधी बेकायदा ठरवला. पैशाला खड्डा पडला. तो बुजवायला शेतीच्या डिझेलवरची सवलत काढायचं ठरलं. लिटरमागं २१.४८ सेंट, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं १९ रुपयांच्या आसपास. वर शेतीच्या वाहनांची करमाफीही काढणार. गंमत म्हणजे शेतीमंत्री जेम ओझ्देमिर हेही ग्रीन पक्षाचे, आणि त्यांचा स्वतःचाच या कपातीला विरोध होता. पण निर्णय वर तिघांनी केला, त्यात एक हाबेक. ओझ्देमिर शेतकऱ्यांच्या सभेत जाऊन शिट्ट्या खात उभे राहिले. श्ल्युटझीलची बोट अडली ती यावरूनच. फेब्रुवारीत बिबेराख गावात पक्षाचा मेळावाच शेतकऱ्यांच्या नाकाबंदीमुळं रद्द झाला.

सरकारनं वाहनकराचा निर्णय मागं घेतला, डिझेलचा टप्प्याटप्प्यानं केला. पण हवामान वाचवायचं बिल ट्रॅक्टरवाल्याच्या नावावर फाडलं, हे लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलं. त्याचा फायदा उजव्यांनी उचलला नसता तरच नवल.

एका दिवसात सगळे राजीनामे

जून २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत मतं २०.५ वरून ११.९ टक्क्यांवर आली. सप्टेंबरमध्ये पूर्वेकडच्या राज्यांत तर धूळधाण. थुरिंगियात ३.२ टक्के, ब्रांडेनबुर्गमध्ये ४.१. तिथं ५ टक्क्यांच्या खाली गेलं की सभागृहात प्रवेश जवळपास बंदच होतो.

२५ सप्टेंबरला पक्षाध्यक्ष रिकार्डा लांग आणि ओमिद नुरीपूर यांच्यासह सहा जणांच्या संपूर्ण कार्यकारिणीनं पद सोडत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडं पराभवानंतर चिंतन बैठक होते, इथं सगळ्यांनी एकदम खुर्ची सोडली. कौतुकाचीच गोष्ट. पण त्याच संध्याकाळी युवक संघटनेच्या कार्यकारिणीनं पक्षच सोडला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: माणसं बदलून काय उपयोग, धोरण तेच आहे. गरिबांच्या बाजूनं हा पक्ष उभा दिसत नाही.

नोव्हेंबरमध्ये वीसबाडेन इथं अधिवेशन झालं. जिल्हा शाखांनी निवडून पाठवलेल्या प्रतिनिधींनी फ्रान्सिस्का ब्रान्टनर आणि फेलिक्स बानाशाक यांना अध्यक्ष केलं. ब्रान्टनर हाबेकच्या गोटातल्या, मध्यममार्गी. बानाशाक डाव्या गटाचे, डुइसबुर्ग या पोलादाच्या शहरातले. त्यांना ९० टक्क्यांच्या वर मतं, ब्रान्टनर यांना ८० च्या आत. प्रतिनिधींनी नाराजी कुठं नोंदवली ते या आकड्यात कळतं. नव्या जोडीच्या निवडीच्या दहा दिवस आधीच सरकार पडलेलं. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत पक्ष ११.६ टक्क्यांवर थांबला आणि विरोधात जाऊन बसला. १८ ते २४ वयाच्या मतदारांत पहिला नंबर आला तो डी लिंक या डाव्या पक्षाचा. भाडं आणि महागाई एवढ्या दोन विषयांवर दारोदार फिरून त्यांनी ग्रीनचा तरुण मतदार नेला. पुढं हाबेक यांनी खासदारकी सोडली.

एक आकडा मात्र उलट्या दिशेनं जातो. सरकार पडल्यावर ग्रीनची सदस्यसंख्या झपाट्यानं वाढून दीड लाखाच्या वर गेली. म्हणजे पक्ष संपलेला नाही. पण मतांचा जोर अजूनही विद्यापीठांच्या शहरांत आहे, पूर्वेकडच्या खेड्यांत शाखा चालवायलाही माणसं मिळत नाहीत. पोस्टर लावायला गेलेल्याला दमदाटी होते, अशा तक्रारी तिथल्या कार्यकर्त्यांनी वारंवार केल्या आहेत. बानाशाक यांनी आपलं एक कार्यालय पश्चिमेतलं मतदारसंघ सोडून पूर्वेतल्या ब्रांडेनबुर्ग गावी उघडलं. एका कार्यालयानं किती फरक पडेल, हा प्रश्नच आहे. तरी अधिवेशनातल्या भाषणापेक्षा ते बरं.

आणि व्युल ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०११ मध्ये ग्रीन पक्षाचे विन्फ्रीड क्रेच्मान मुख्यमंत्री झाले. ते मोटारकारखानदारांशी बोलायचे आणि शेतकऱ्यांशीही, यावरून पक्षातले डावे त्यांच्यावर कायम नाराज असायचे. त्यांच्यानंतर मार्च २०२६ च्या निवडणुकीसाठी पक्षानं उमेदवार निवडला तो ओझ्देमिर. डिझेलच्या वेळी शिट्ट्या खात शेतकऱ्यांच्या सभेत उभे राहिलेले तेच.