चित्राखालची पट्टी कापू नका

त्वचारोगाच्या दवाखान्यांत, पार्लरांत, हल्ली कॅफेतसुद्धा ‘कोरफड’ म्हणून जे जुनं जर्मन चित्र टांगलेलं असतं, ती आपली कोरफड नव्हे. फुलं बघा, तांबडी-नारिंगी आहेत. आपल्या परसातल्या कोरफडीच्या दांड्यावर बहुधा पिवळी फुलं लोंबतात. माझी सगळी नोकरी वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्यात गेली. त्यामुळे नंबर येईपर्यंत भिंतीवरचं झाड तपासत बसायची खोडच लागली आहे.

चित्र आहे फ्रान्झ ऑयगेन क्योलर यांनी १८८७ साली जर्मनीतल्या गेरा इथे काढलेल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथातलं. बरणीतला औषधाचा काळा, कडू खडा कुठल्या झाडापासून येतो हे औषधविक्यांना कळावं, हा त्याचा उपयोग. तो खडा म्हणजे आपला काळा बोळ. पानाच्या सालीखालचा पिवळा चीक आटवून करतात. आज सगळे ज्याच्या मागे लागलेत तो गर वेगळा.

अशा मांसल झाडाची ओळख जपायला चित्राशिवाय गत्यंतर नसतं. आंब्याची डहाळी कागदात दाबली की वाळते. कोरफड दाबून पाहा, आठवड्यात कुजून जाते. वाळलीच तर ना पानाची जाडी राहते, ना फुलाचा रंग.

क्योलरांच्या चित्रातल्या झाडाला नाव मिळालं होतं येमेनच्या सोकोत्रा बेटाचं, कारण तिथला बोळ युरोपात नावाजलेला होता. मुळात ते झाड आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचं. १९०५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्लोथ यांना ते केपटाऊनच्या टेबल माउंटनवर रानात उगवलेलं सापडलं. सोकोत्राचा बोळ निघतो तो दुसऱ्याच झाडापासून. नाव चुकलं, पण चित्रकाराचा हात चुकला नव्हता. म्हणून तर आजही चित्रावरून झाड ओळखता येतं.

आणि आपण काय करतो? सोफ्याला शोभावं म्हणून खालची पट्टी कापून टाकतो. त्या पट्टीत फुलाचे छेद, सुटे भाग आणि झाडाचं नाव असतं. उरतात ती हिरवी पानं, आणि त्यांच्यावर कुणीतरी ‘अ‍ॅलोव्हेरा’ छापतं. नुसत्या पानांवर विसंबून घायपाताच्या पिल्लाला कोरफड समजणारी शिकलीसवरलेली माणसं मला नेहमी भेटतात. घायपाताचा रस अंगाला लागला की आग होते, पुरळ उठतं. पान मोडून बघा म्हणते मी: कोरफड काकडीसारखी कट्‌कन तुटते, घायपाताचे दोर सुटतात.

निदान ज्या दवाखान्यात त्वचेवर उपचार होतात, तिथे तरी ग्रंथातलं अख्खं पान लावावं, आणि शेजारी आपल्या पिवळ्या फुलाच्या कोरफडीचं नवं चित्र. गावोगावी कलाशिक्षक आहेत, त्यांना सांगा. क्योलरांच्या ग्रंथावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, पूर्ण पानं फुकट मिळतात. फ्रेम तेवढी चार बोटं मोठी घ्यावी लागेल.