मोल नाकाचे की रक्ताचे?

जत तालुक्यातील माडग्याळ या गावाचे नाव दूरवर पोहोचले ते मेंढ्यांमुळे. पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक, उंच बांधा आणि पांढऱ्या अंगावरचे तपकिरी पट्टे ही त्या जातीची ओळख. आटपाडी तालुक्यातील अशाच एका मेंढ्याला 2020 साली 70 लाख रुपयांची मागणी आली आणि धन्याने तो दिला नाही, ही वार्ता देशभर गाजली. दुष्काळी मुलखातील धनगराच्या घरी लक्ष्मी चालत येत असेल तर त्याचे कौतुकच व्हावे. तथापि हे मोल नाकाचे आणि बांध्याचे आहे. साथ आली तर या मेंढ्याची प्रजा तगेल काय, हा प्रश्न बाजारात कोणी विचारीत नाही.

तो विचारला जाण्याचे कारण जुने आहे. नीलजिव्हा या विषाणुजन्य रोगाची भारतातील पहिली नोंद 1964 साली प्रसिद्ध झाली, ती महाराष्ट्रातीलच. पावसाळ्याअखेर वाढणारी बारीक चिलटे हा विषाणू पसरवितात. तोंड सुजते, लाळ गळते, खुरांच्या वरचा भाग दुखून मेंढी लंगडते. जीभ निळी पडतेच असे नाही. पण हा रोग सर्व मेंढ्यांना सारखा गाठीत नाही. मेरिनो, डॉरसेट यांसारख्या परदेशी जाती त्याला लवकर बळी पडतात, तर देशी मेंढ्यांत पुष्कळदा संसर्ग होऊनही लक्षणे दिसत नाहीत. अर्थात देशी मेंढी अभेद्य आहे, असे नव्हे. दक्षिण भारतात देशी कळपांचीही या रोगाने मोठी हानी केली आहे.

ही प्रतिकारशक्ती केवळ चाऱ्यापाण्याने येत नाही. तिचा काही वाटा वंशातून येतो. 2012 साली अमेरिकेतील संशोधकांनी मेंढ्यांच्या एका दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या विषाणुरोगाच्या बाबतीत हे दाखवून दिले. एका जनुकाच्या रूपभेदावरून कोणत्या मेंढीला संसर्गाचा धोका अधिक, हे तेथे ओळखता आले. असे काम आपल्याकडे होणार नाही, असे म्हणण्यास जागा नाही. सुंदरबनच्या लहानशा गरोल मेंढीतील जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत उतरविण्याचे काम सातारा जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने केले, आणि तेही धनगरांच्या कळपांना सोबत घेऊन.

माडग्याळी मेंढीच्या बाबतीत धोका वेगळाच आहे. नावाजलेल्या मोजक्या मेंढ्यांचेच बीज जो तो मागू लागला, तर नाक सुधारेल. पण रक्त एकाच घराण्याचे होत जाईल. मग त्या घराण्यात एखाद्या विषाणूपुढे दुबळेपणा असेल, तर तो साऱ्या कळपात उतरेल. लस हे पहिले संरक्षण आहेच, आणि ती वेळेवर टोचलीच पाहिजे. परंतु नीलजिव्हेच्या विषाणूचे प्रकार अनेक असल्याने एकच लस सर्वांवर चालत नाही. म्हणूनच पैदाशीची निवड गंभीरपणे घ्यावी लागते.

कवठेमहांकाळ तालुक्यातील रांजणी येथे मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. साथीनंतर मेलेल्या मेंढ्यांचा पंचनामा होतो, भरपाईचे अर्ज लिहिले जातात. त्याच कळपात त्याच चिलटांनी दंश करूनही जी मेंढी उभी राहिली, तिच्या कानात बिल्ला घालावा, रक्त तपासावे आणि तिचा नर कोणता होता हे धनगराला विचारून लिहून ठेवावे, एवढी नोंद या संस्थांनी येत्या पावसाळ्यापासून तरी सुरू करावी. मेंढी कोणाच्या पोटची, हे धनगराला कागदावाचून ठाऊक असते. त्याला आजवर कोणी विचारले नाही, इतकेच.