‘हिंसा करू नये’ ही आज्ञा आणि शेतकऱ्याचे शेत

उन्हाळ्यातील खोल नांगरट ही कृषी संशोधन संस्थांची जुनी शिफारस आहे. जमीन उलटली की तिच्यात दडलेले किडींचे कोष वर येतात आणि कडक उन्हाने मरतात. जे उरतात ते बगळे, साळुंक्या आणि कावळे वेचून खातात. पुढील हंगामातील किडीचा प्रादुर्भाव त्यामुळे कमी होतो. शिफारशीच्या भाषेत ही मशागतीची पद्धत आहे. धर्माच्या भाषेत ती जाणूनबुजून केलेली जीवहत्या आहे. मुंग्यांच्या वारुळाशी साखर ठेवणाऱ्या घरातील शेतकरी ही नांगरट करतो आणि त्याच संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो. तो आज्ञाभंग करतो, की आज्ञेचा अर्थच लोक समजतात त्याहून निराळा आहे?

हा प्रश्न नवा नाही. भारतीय परंपरेने तो नांगराच्या संदर्भातच अनेकदा विचारला आहे. मनुस्मृतीत शेतीविषयी मतभेद नोंदवलेला आढळतो. काही जण तिला उत्तम मानतात. पण लोखंडी फाळाचे लाकूड भूमीला आणि भूमीतील जीवांना इजा करते, म्हणून सज्जनांनी ती निंद्य मानली, असे तेथे म्हटले आहे. बौद्ध विनयाने भिक्षूंना जमीन खणण्यास आणि वनस्पती तोडण्यास मनाई केली. जैन परंपरेत तर श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत भूमी फोडण्याचे कामही गणले गेले.

या मनाया वाचून शेती पापच ठरते, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु त्या परंपरा तेथे थांबल्या नाहीत. जैन आगमातील आनंद हा आदर्श श्रावक शेतजमीन बाळगणारा होता. त्याने जमीन टाकून दिली नाही. पाचशे नांगरांची मर्यादा घालून घेतली. दिगंबर परंपरेत कृषी ही ऋषभदेवांनी मानवाला शिकवलेल्या सहा उपजीविकांपैकी एक मानली जाते. जैन आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार केले. ठरवून, केवळ मारण्यासाठी केलेली ती संकल्पी. घरकामात घडणारी ती आरंभी. उपजीविकेत घडणारी ती उद्योगी. आणि संरक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी. गृहस्थाने पहिली पूर्ण सोडावी आणि उरलेल्या तिन्ही शक्य तितक्या कमी कराव्यात, अशी ही व्यवस्था आहे. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव परिसरातील जैन शेतकरी समाज याच व्यवस्थेच्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या उत्तम शेती करीत आला आहे.

इतर धर्मांतील आज्ञाही अशाच मर्यादांसह येतात. मोशेच्या दहा आज्ञांत ‘हत्या करू नकोस’ असे सांगताना योजलेले हिब्रू क्रियापद कोणताही जीव मारण्यासाठीचे सर्वसाधारण क्रियापद नाही. माणसाचा अन्यायाने प्राण घेण्याशी त्याचा संबंध आहे. तरीही त्याच नियमशास्त्रात पक्ष्याच्या घरट्यातून पिले घेताना आईला सोडून द्यावे आणि नगराला वेढा घालतानाही फळझाडे तोडू नयेत, असे सांगितले आहे. कुराणात न्याय्य कारणावाचून प्राण घेण्यास मनाई आहे. शब्द संक्षिप्त असले तरी त्यांचा अर्थ लावण्याचे काम प्रत्येक परंपरेने पुढे चालूच ठेवले.

शेतीच्या संदर्भात हे काम महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाच्या कथेइतके स्पष्टपणे क्वचितच झाले असेल. मिथिलेत मांस विकणारा हा व्याध कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म समजावून सांगतो. शेतीला लोक चांगली म्हणतात, पण नांगराखाली असंख्य जीव मरतात. धान्याचे दाणेही सजीवच आहेत. चालणाऱ्याच्या पायाखालीही प्राणी चिरडले जातात, असे तो दाखवून देतो. म्हणून सर्व काही चालते, असे मात्र तो म्हणत नाही. अहिंसेचे व्रत घेतलेल्यांच्या हातूनही हिंसा घडतेच, पण प्रयत्नाने ती कमी होते, हे त्याच्या बोलण्याचे सार आहे. आज्ञा शून्य हिंसेची मागणी करीत नसेल, तरी प्रयत्नाची मागणी ती निश्चितच करते. शेतीतील अवघड प्रश्न याच कसोटीवर तपासले पाहिजेत.

आधुनिक काळात ही कसोटी महात्मा गांधींना स्वतःवर लावावी लागली. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एक वासरू असाध्य दुखण्याने तडफडत होते. पशुवैद्यांनी आशा सोडली होती. गांधीजींनी आश्रमवासीयांशी चर्चा केली आणि स्वतःच्या उपस्थितीत विषारी इंजेक्शन देऊन त्याच्या वेदनांचा अंत करविला. ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’ या पत्रांतून त्यांनी हे जाहीरपणे लिहिले, तेव्हा संतप्त पत्रांचा ओघ सुरू झाला. त्याच लेखात त्यांनी आश्रमातील पीक आणि फळे नासणाऱ्या माकडांचाही प्रश्न मांडला आणि या दोन प्रसंगांत मूलभूत फरक केला. वासराला मारले ते त्याच्याच हितासाठी. माकडांना मारले तर ते माणसाच्या लाभासाठी, म्हणून ती हिंसाच ठरेल, असे त्यांचे मत होते. पुढे १९४६ मध्ये, देशावर अन्नटंचाईचे सावट असताना, ‘हरिजन’मध्ये त्यांनी पीक खाणाऱ्या प्राण्यांना माणसांच्या जिवाच्या मोलावर वाचवणे आपणास योग्य वाटत नाही, अशी भूमिका घेतली.

काहींना यात विसंगती दिसेल. वस्तुतः प्रश्नच बदलला होता. १९२८ मध्ये पलीकडच्या पारड्यात आश्रमाच्या बागेतील फळे होती. १९४६ मध्ये भुकेलेली माणसे होती. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही वेळा गांधीजींनी हिंसेला दुसरे नाव दिले नाही. आवश्यक हिंसा ही हिंसाच राहते. आवश्यकता तिला क्षम्य करते, पवित्र करीत नाही.

आजच्या शेतकऱ्यासमोर माकडांबरोबर नीलगाय आणि रानडुक्कर उभे आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर यांना एका वर्षासाठी उपद्रवी प्राणी घोषित केले. २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या, तेव्हा केंद्रीय मंत्रिमंडळातील सदस्यांमध्येच जाहीर वाद झाला. एका बाजूला पीक वाचवण्याचा हक्क होता, दुसऱ्या बाजूला प्राण्याचा जीव. नीलगाय हा गाईच्या नव्हे तर कुरंगाच्या रूपाचा वन्य प्राणी आहे. विदर्भात त्याला रोही म्हणतात. तरीही नावातील ‘गाय’ अनेक शेतकऱ्यांचा हात थांबवते. त्यांची ही भावना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. अडचण अशी की, भावनेची किंमत तीच व्यक्ती मोजत असेल तर ती श्रद्धा असते. दुसऱ्याने मोजावी अशी अपेक्षा असेल तर तो अन्याय होतो. शहरात राहून नीलगाय वाचली पाहिजे असे म्हणणाऱ्याने, रात्रभर मचाणावर जागणाऱ्या शेतकऱ्याच्या हरभऱ्याची भरपाई कोणी द्यावी, हेही सांगितले पाहिजे. जीव वाचवण्याची आज्ञा साऱ्या समाजाची असेल, तर तिचा खर्चही साऱ्या समाजाचा असला पाहिजे.

हा प्रश्न अनुत्तरित राहिला की हिंसा थांबत नाही, ती लपते. थेट वीजप्रवाह सोडलेल्या बेकायदा तारांनी रानडुकरांबरोबर वाघ, हत्ती आणि माणसेही मरतात. ही तार कोणाला मारते आहे हे पाहत नाही, आणि ती लावणाराही त्या क्षणी तेथे नसतो. त्याउलट सौर कुंपणातील क्षणिक झटका प्राण्याला परतवतो, मारीत नाही. जेथे असे साधन उपलब्ध होऊ शकते, तेथे ‘दुसरा मार्ग नव्हता’ हे उत्तर अपुरे ठरते. प्रयत्नाने हिंसा कमी होते याचा एक अर्थ असाही आहे की, पर्याय निर्माण करणे हे संशोधनाचे नैतिक कर्तव्य आहे.

दयेतूनही हत्या घडू शकते, हे गिधाडांच्या इतिहासाने शिकवले. गुरांच्या वेदना शमवण्यासाठी डायक्लोफेनॅक हे औषध सर्रास वापरले जात होते. उपचारानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. तोपर्यंत पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड भारतातून जवळजवळ नाहीसे झाले होते. कोणाच्याही मनात हत्येचा हेतू नव्हता. उलट गाईविषयीची करुणाच होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली आणि गिधाडांना सुरक्षित असे मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून पुढे आले. बौद्ध विचारात कर्माचे मूळ हेतूत असते, त्यामुळे २००४ पूर्वीच्या पशुवैद्याकडे दोष जात नाही. पण परिणाम कळल्यानंतर तेच औषध वापरणाऱ्याला हेतूचा आडोसा उरत नाही. ज्ञानाबरोबर जबाबदारी वाढते.

किडींच्या बाबतीत ही जबाबदारी आकड्यांत मांडण्याचे साधन कृषिशास्त्राने तयार केले आहे. ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही संकल्पना खर्च आणि उत्पन्नाच्या हिशेबातून जन्मली. परंतु तिच्यात दडलेला संयम नैतिकही आहे. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडावेत, किंवा दहा टक्के फुले वा बोंडे प्रादुर्भावित दिसावीत, त्याआधी फवारणी करू नये, असे शास्त्र सांगते. म्हणजे कीड दिसली एवढ्यावरून तिला मारण्याचा अधिकार मिळत नाही; ती पीक खरोखर बुडवणार आहे, हे आधी सिद्ध व्हावे लागते. पातळी न पाहता, दिनदर्शिका पाहून केलेली फवारणी ही अनावश्यक हिंसा आहे, कारण तिच्यात मधमाशी, ढालकिडा आणि कोळीही मरतात. एकात्मिक कीड व्यवस्थापन अहिंसक आहे, असा दावा कोणी करू नये. ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या कुळातील बारीक मित्रकीटक किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते आणि ते अंडे नष्ट करते. मात्र तिचे लक्ष्य नेमके असते. नेमकेपणा ही अहिंसेची पूर्तता नसली तरी तिच्या दिशेने टाकलेले पाऊल आहे.

अळीच्या जिवाची चर्चा करताना माणसाचा जीव विसरला जाऊ नये, कारण सर्व परंपरांत ही आज्ञा सर्वाधिक कठोर होते ती त्याच्याच बाबतीत. १९५८ मध्ये केरळमध्ये पॅराथिऑनने दूषित झालेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. कायद्याला जवळपास पन्नास वर्षे होत असताना, २०१७ च्या हंगामात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याएवढे वाढलेले पीक, दमट उष्मा आणि तोंडावर फार तर एक रुमाल, अशा स्थितीत हे काम चालले होते.

या मृत्यूंना अपघात म्हणण्याची प्रथा आहे. दहा आज्ञांनंतर लगेच येणाऱ्या नियमांत एक शेतकरी जीवनातील दाखला आहे. बैलाने माणसाला शिंगाने मारले तर बैलाचा मालक निर्दोष; पण तो बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगितले गेले असूनही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मालक दोषी. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल त्रिकोण ही अशीच आगाऊ सूचना आहे. ती वाचता न येणाऱ्या मजुराच्या पाठीवर पंप देणारा शेतमालक, हातमोजे आणि मुखपट न ठेवता औषध विकणारा विक्रेता, सुरक्षेची ओळ शेवटी बारीक अक्षरांत छापणारा शिफारसकर्ता, यांपैकी कोणालाही ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

म्हणून ‘हिंसा करू नये’ ही आज्ञा शेतकऱ्याला अपराधी ठरवण्यासाठी वापरणे चुकीचे आहे, आणि ती शेतीला लागूच पडत नाही असे मानणेही तितकेच चुकीचे आहे. प्रत्येक वेळी जीव घेण्याआधी चार प्रश्न विचारावेत, एवढी तिची मागणी आहे. हे खरोखर आवश्यक आहे काय? याहून कमी जीव घेणारा मार्ग आहे काय? लक्ष्याबाहेरचा कोणता जीव यात जाईल? आणि या निर्णयाची किंमत कोण मोजणार आहे? यांपैकी पहिले तीन प्रश्न प्रयोगशाळेत आणि प्रक्षेत्रावर सोडवता येण्याजोगे आहेत. चौथा समाजाचा आहे.

उन्हाळी नांगरट करणारा शेतकरी या प्रश्नांना सामोरा जाऊ शकतो. मातीतील कोष उन्हात मेले तर पुढे दोन फवारण्या वाचू शकतात. त्या वाचल्या तर बांधावरच्या मधमाश्या वाचतात आणि पाठीवर पंप घेणारा मजूरही वाचतो. त्याच्या हातून हिंसा झाली, हे खरेच. परंतु ती त्याने प्रयत्नाने कमी केली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्याच्या मनात अपराधाची भावना असण्याचे कारण नाही. मात्र उलटलेल्या मातीतील जीवांचे स्मरण असावे. पुढच्या हंगामात पंप उचलण्याआधी सापळ्यातील पतंग मोजण्याची सवय त्या स्मरणातूनच लागते.