सेवेचा हिशेब

म्हैसूर नगरीच्या मध्यभागी असलेला देवराज मोहल्ला हा देवघेवीचा मोहल्ला होय. येथील देवराज मार्केटात फुले, केळी व हळदकुंकू यांचे ढीग रचलेले असतात. शेजारूनच सयाजीराव रस्ता जातो व दसऱ्याची जंबू सवारी त्याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे निघते. दुकानदार, डॉक्टर, वकील असे आपापल्या व्यवसायात स्थिरावलेले लोक अशा वस्तीत रोज एकमेकांच्या दृष्टीस पडतात, आणि अशाच लोकांतून रोटरी, लायन्स यांसारखी सेवा मंडळे उभी राहतात. म्हैसूरला ती आहेत, तशी पुणे, कोल्हापूर, बेळगाव येथेही आहेत. नेत्रचिकित्सा शिबिर, रक्तदान, शाळेला बाके, मदतनिधीसाठी एखादा नाट्यप्रयोग आणि वर्षाअखेरीस पारितोषिक समारंभ, असा त्यांचा क्रम आपल्या परिचयाचा आहे. तिकिटांची पुस्तिका घेऊन कोणी दारी आले म्हणजे गृहिणीच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो: या रुपयाचे पुढे काय होते? आणि समारंभातील त्या सन्मानचिन्हांचा खऱ्या सेवेशी संबंध कितपत असतो?

या मंडळांचा उगम पाहिला तर उत्तराची दिशा सापडते. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे पहिली रोटरी सभा भरविली. सदस्यांच्या कचेऱ्यांतून पाळीपाळीने बैठका होत, म्हणून हे फिरत्या चाकाचे नाव पडले. आरंभी हेतू स्नेहाचा व व्यवसायातील परस्पर साहाय्याचा होता. परंतु १९०७ साली या मंडळाने जे पहिले लोकोपयोगी काम हाती घेतले, ते होते शिकागो शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधविण्याचे! ज्या कामात मिरविण्यासारखे काही नाही, परंतु ज्यावाचून वाटसरूंचे, विशेषतः स्त्रियांचे, हाल होतात, अशा कामापासून प्रारंभ झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लायन्स संस्था १९१७ साली मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने निघाली. १९२५ साली हेलन केलर यांनी तिच्या अधिवेशनात अंधांच्या सेवेचे आवाहन केले आणि नेत्रसेवा हे त्या संस्थेचे जणू व्रतच झाले. स्त्रियांना मात्र या मंडळांचे सदस्यत्व मिळण्यास १९८७ साल उजाडावे लागले. तत्पूर्वीच, १९२४ साली, मार्गारेट गोल्डिंग यांनी मँचेस्टर येथे रोटरी सदस्यांच्या पत्नींना एकत्र करून ‘इनर व्हील’ची स्थापना केली होती.

अशा मंडळांच्या कार्याची सर्वांत मोठी कसोटी आपल्याच देशात लागली. ती पोलिओच्या निर्मूलनात. रोटरीने १९८५ साली या कामासाठी १२ कोटी डॉलर जमविण्याचा संकल्प सोडला. १९८८ पर्यंत प्रत्यक्षात २४ कोटी ७० लाख डॉलर जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओच्या उच्चाटनाचा ठराव केला. त्या वेळी जगात दरवर्षी सुमारे साडेतीन लाख बालके या रोगाने पंगू होत होती. भारतात १९९५ साली देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पुढे एकेका राष्ट्रीय लसीकरण दिनी सुमारे २३ लाख कार्यकर्ते सुमारे १७ कोटी बालकांपर्यंत पोहोचू लागले.

हे यश एकट्या रोटरीचे नव्हे. ते सरकारचे, जागतिक आरोग्य संघटनेचे व युनिसेफचे आहे; आणि त्याहूनही अधिक ते उन्हातान्हात शीतपेटी खांद्याला अडकवून गल्लीबोळ पालथे घालणाऱ्या परिचारिका, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांचे आहे. सेवा मंडळांच्या सदस्यांनी फलक लावले, मुलांना बोलावून आणले, संशय धरणाऱ्या कुटुंबांची समजूत घातली व त्यासाठी धर्मगुरूंचे साहाय्य मिळविले. हे काम दुय्यम खरे, परंतु त्यावाचून मुख्य काम अडले असते.

या मोहिमेची हिशेबाची रीत मोठी बोधप्रद होती. रविवारी केंद्रावर लस पाजली जाई आणि पुढील दिवसांत कार्यकर्ते घरोघर फिरत. ज्या घरातील सर्व मुलांना लस मिळाली, त्याच्या दारावर खडूने ‘पी’ हे इंग्रजी अक्षर लिहीत; जेथे एखादे मूल राहून गेले असेल, तेथे फुलीसारखी ‘एक्स’ची खूण करीत. त्या खुणेच्या घरी पुन्हा जावयाचे, मूल गावाला गेले असेल तर परतल्यावर जावयाचे, आईने नकार दिला असेल तर तिचा विश्वास असलेल्या माणसाला घेऊन जावयाचे. लस घेतलेल्या बालकाच्या डाव्या करंगळीवर पक्क्या शाईचा ठिपका असे. न पुसणाऱ्या शाईशी म्हैसूरचे नाते जुने आहे. १९३७ साली स्थापन झालेल्या येथील रंग व लाखेच्या कारखान्याची शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून देशभरातील मतदारांच्या बोटांवर उमटत आली आहे. मतदाराच्या बोटावरील शाई सांगते, याचे मत झाले, पुन्हा नको. बालकाच्या करंगळीवरील ठिपका सांगतो, हे मूल सुटले नाही.

२००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले होते. जगातील जवळजवळ निम्मे. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील एका बालिकेत आढळलेला रुग्ण शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. किती लस वाटली एवढ्यावर संतुष्ट न राहता, कोणते घर राहिले याचा शोध घेतला गेला, म्हणूनच हे घडले. सेवेचा हिशेब देणाऱ्याच्या वहीत पुरा होत नसतो. तो घेणाऱ्याच्या दारावर पुरा होतो.

निधीविषयीही हेच म्हणावे लागेल. रोटरीचा कायम निधी उभारण्याची कल्पना आर्च क्लम्फ यांनी १९१७ साली मांडली, तेव्हा त्यात आलेली पहिली देणगी अवघ्या साडेसव्वीस डॉलरांची होती. आपल्याकडे तर याहून लहान नाण्याचा प्रताप आपण पाहिला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्यास पाठिंबा दिला आणि त्याच पैशांतून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. एक पैसा देणाराही त्या कारखान्याकडे बोट दाखवून ‘यात माझा वाटा आहे’ असे म्हणू शकत होता. देणगीची रक्कम लहान असली तरी तिचे फळ डोळ्यांनी दिसले पाहिजे, एवढीच दात्याची अपेक्षा असते व ती रास्त आहे.

राहता राहिला प्रश्न सन्मानांचा. रोटरीत एक हजार डॉलरच्या देणगीबद्दल ‘पॉल हॅरिस फेलो’ म्हणून गौरव होतो. लायन्समध्ये मेल्विन जोन्स यांच्या नावाचा तसाच बहुमान आहे. त्यात गैर काही नाही. दातृत्वाची दखल घेतल्याने दातृत्व वाढते. परंतु ही पदके पैसा मोजतात, पायपीट मोजीत नाहीत, एवढा विवेक मात्र राखावा. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापिला. पुढे त्यासाठी दारोदार वर्गणी मागत ते हिंडले. त्यांना भारतरत्न लाभले ते १९५८ साली, वयाची शंभरी गाठताना! मधल्या बासष्ट वर्षांत पुरस्काराच्या आशेवर कोणी काम केले असते, तर हिंगण्याच्या माळावर एक झोपडीही उभी राहिली नसती.

तेव्हा वाचकहो, सेवा मंडळाची वर्गणी मागणारा दारी आला, तर त्यास विन्मुख पाठवू नका. परंतु तीन गोष्टी अवश्य विचारा. पावती मिळेल काय? गेल्या वर्षीच्या निधीचा जमाखर्च पाहावयास मिळेल काय? आणि गतवर्षी ज्यांना चष्मे, शिलाई यंत्रे वा कृत्रिम पाय दिले, त्यांच्याकडे पुन्हा कोणी जाऊन आले काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर रुपयाबरोबर आपला एखादा रविवारही देऊन टाका. घरातील वाढत्या मुलामुलींना बरोबर न्या. व्यासपीठावर हार घेण्यासाठी नव्हे, तर राहून गेलेल्या घराचे दार दुसऱ्यांदा ठोठावण्यासाठी. हे दुसऱ्यांदा जाणे ज्याला साधले, त्याला सेवा साधली.