पाव मीटरचा डोळा, सोळा किलोमीटरची झापडे

कार्टोसॅट-३ हा उपग्रह २७ नोव्हेंबर २०१९ रोजी अवकाशात गेला. तेव्हापासून त्याच्याविषयीच्या बातम्या एकाच आकड्याभोवती फिरतात : पाव मीटर. सुमारे ५०९ किलोमीटर उंचीवरून एवढा बारीक तपशील टिपणे ही मोठी कामगिरी आहे, यात वाद नाही. परंतु त्याच कॅमेऱ्याला एका फेरीत जमिनीचा केवळ १६ किलोमीटर रुंद पट्टा दिसतो, हे मथळ्यांत क्वचितच येते. अर्धा आकडा सांगणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय.

यामागची भूमिती शालेय आहे. सेन्सरच्या रुंदीला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे आणि उंचीने गुणावे. पट्ट्याची रुंदी मिळते. सेन्सर तोच ठेवून नाभीय अंतर दुप्पट केले, तर तपशील दुप्पट बारीक होतो, पण पट्टा निम्मा उरतो. सेन्सर मोठा केल्यास पट्टा रुंदावतो. मात्र त्याच्या काठापर्यंत सुस्पष्ट प्रतिमा पाडणारे भिंग घडवणे कठीण, जड आणि खर्चिक होते. निसर्ग यात सवलत देत नाही.

आता २०११ सालच्या रिसोर्ससॅट-२ कडे पाहावे. त्यावरील ‘अ‍ॅविफ्स’चा तपशील ५६ मीटरचा; मथळा होण्याजोगे त्यात काही नाही. पण शेजारी शेजारी बसवलेले त्याचे दोन कॅमेरे मिळून ७४० किलोमीटरचा पट्टा पाहतात, आणि दर पाच दिवसांनी तेच शिवार पुन्हा टिपता येते. एवढ्या रुंदीसाठी कार्टोसॅट-३ ला किमान ४७ पट्टे जोडावे लागतील. शिवाय तेवढ्याच क्षेत्रासाठी चित्रबिंदू सुमारे ५० हजार पट लागतील. तोवर ढग येतील, पीकही कापले जाईल.

दुष्काळाची व्याप्ती कळते ती अशा जाड्याभरड्या, पण रुंद आणि वारंवार पाहणाऱ्या नजरेला. पाव मीटरचाच जयघोष होत राहिला, तर ‘उपग्रहाला सगळे दिसते’ हा भ्रम पसरतो आणि शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारे कॅमेरे दुय्यम ठरतात. म्हणून प्रत्येक बातमीत दोन आकडे शेजारी शेजारी छापले जावेत : किती बारीक दिसते आणि किती रुंद दिसते. दुसरा आकडा गाळणाऱ्या बातमीला विज्ञानवार्ता म्हणू नये. ती जाहिरात आहे.